तो माणूस निष्काळजी नव्हता

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात विम्याच्या एजंट बायकांना शिकवायची. हे वाक्य नुसतं वाचलं तर वाटेल, केवढी मोठी मास्तरीण असेल. तसं काही नव्हतं हो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचायला शिकले ते नवऱ्यानं ऑफिसातून आणलेल्या रद्दीतून, आणि माणसं वाचायला शिकले ती शिवणकामातून. ब्लाउजचं माप देताना बाई हात वर करून उभी असते, आणि कशी कोण जाणे, त्या पाच मिनिटांत घरातलं सगळं सांगून टाकते. नवरा कुठं कामाला आहे, दीर कसा आहे, मुलीचं कुठं जमतंय. एका ओळखीच्या माणसानं सुचवलं म्हणून मी विम्याची एजन्सी घेतली, आणि या मापं घेण्याच्या सवयीवरच ती चालली. चांगली चालली. मग विम्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "बाई, नुसतं विकू नका, शिकवा. आपल्याला बायका एजंट पाहिजेत. पुरुष एजंट घरी गेला की घरातली बाई आत निघून जाते."

तर सात रस्त्याजवळ एका सायकलच्या दुकानावर खोली होती. वर पत्रा. उन्हाळ्यात बायका पदर ओला करून डोक्यावर घेऊन बसायच्या. एका वर्गाला आठ-दहा जणी, दहा दिवसांचं शिक्षण. कुणी शिक्षकाची बायको, कुणी बालवाडीत शिकवणारी, कुणी घरात बसून कंटाळलेली. दुधनीची एक होती, तिच्या बोलण्यात निम्मं कानडी. स्वतःचं शिक्षण संपलं तरी पुढच्या वर्गांनाही ती हौसेनं येऊन बसायची, आणि ती असली की हसून हसून वेळ जायचा.

पहिल्या दिवशी विमा म्हणजे काय ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी फॉर्म कसा भरायचा. आणि तिसऱ्या दिवशीचा धडा सगळ्यात अवघड. माणसाच्या घरात बसून, त्याच्याच बायकोच्या हातचा चहा पीत, त्याच्या मरणाबद्दल कसं बोलायचं!

मी नियम घालून दिले होते. 'मेल्यावर' म्हणायचं नाही, 'तुमच्या माघारी' म्हणायचं. माणूस जेवायला बसला असेल तर विषय काढायचा नाही. कुणी गावाला निघालेलं असेल तर उठून यायचं. अमावस्येला जायचं नाही. आणि दिवेलागणीला तर पाऊलच टाकायचं नाही. आपल्याकडे त्या वेळेला कुणी वाईट शब्द तोंडातून काढत नाही. वास्तू तथास्तु म्हणते असं मानतात. एवढं सांगून झालं की दुधनीवाली म्हणाली, "मग बाई, सकाळच्याला वास्तू झोपलेली असती होय?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण नियम म्हणजे नियम.

घरी मी हे सगळं नवऱ्यावर घासून बघायची. तो बिचारा कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीबरोबर खात असायचा आणि मी समोर बसून 'समजा तुमच्या माघारी' सुरू करायची. तो वर न बघता विचारायचा, "आज कितव्यांदा गेलो गं मी?"

हे सगळं गमतीचं. आता जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही, आणि इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या की दुसऱ्या वर्गात एक बाई आली. वय तिशीच्या आतलं. राखाडी रंगाचं पातळ, हात मोकळे, कपाळ मोकळं. मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. तिचा नवरा मिलमध्ये होता, तो गेला होता, एवढंच मला ऑफिसातून कळलेलं. तिसऱ्या दिवशी माझा धडा काही रंगेना. बायका जांभया देत होत्या, खाली दुकानात कुणीतरी चाक ठोकत होतं. तेवढ्यात ही उठली.

"बाई, म्या सांगू?"

"सांगा की."

तिनं चारच वाक्यं सांगितली. मला अजून तोंडपाठ आहेत. "आमचं मालक मिलमदी हुते. कावीळ झाली. आठ दिसात गेले. दोन पोरी हायत माझ्या, थोरली मला इचारती, आता आपुन कुणाचं?"

खालचं ठोकणं चालू होतं का थांबलं होतं, मला आठवत नाही. मला ते ऐकू येईनासं झालं. मी विचारलं, "विमा काढला होता का त्यांनी?"

"न्हाय."

मी वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "बघा. एका माणसाचा निष्काळजीपणा. तीन जीव उघड्यावर."

ती खाली बसली.

त्या दिवशी बायकांना जे कळलं ते मला शंभर नियमांनी कळवता आलं नसतं. पुढच्या महिन्यात त्या वर्गाचं काम बघून साहेब म्हणाले, "बाई, काय जादू केली?" जादू माझी नव्हती, त्या बाईच्या चार वाक्यांची होती. पण मी ते बोलले नाही.

पुढच्या वर्गाच्या तिसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं. "दहा मिनिटं ये गं. नव्या बायकांना तेवढं सांग." एव्हाना मी तिला 'अगं' म्हणायला लागले होते. ती आली. सांगितलं. मी विचारलं, विमा होता का. ती म्हणाली, न्हाय. मी म्हणाले, निष्काळजीपणा. ती बसली. त्याच्या पुढच्या वर्गातही तेच. तिला यायला जड जातंय का, हे मी विचारलं नाही. उलट मनात म्हणायची, बोललं की माणूस मोकळं होतं, तिला बरंच वाटत असेल. ती माझी विद्यार्थिनी. तिच्या पहिल्या पाच-सहा घरांना मी स्वतः बरोबर गेले होते. ती मला नाही कशी म्हणेल? हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही, की येऊ दिलं नाही, देव जाणे.

मग एकदा ती नवं पातळ नेसून आली. मोरपिशी, काठाला बारीक पिवळी रेघ. हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या. एजन्सी लागली होती, चार लोक ओळखायला लागले होते, बाई जरा माणसांत आली होती. दुधनीवालीनं तिला कोपरानं ढोसून म्हटलं, "अव्वा, आज कुणाच्या लग्नाला?" ती पदर तोंडाला लावून हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

आणि वर्ग सुटल्यावर जिन्यात मी तिला काय म्हणाले असेन? म्हणाले, "पातळ छान आहे हो. पण तिसऱ्या दिवशी यायचं असेल तेव्हा तेवढं ते राखाडी नेस. बांगड्या पण नकोत. बायकांवर परिणाम होतो."

ती पायरीकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली.

मी, जी बाई घरोघर सांगत फिरायची की बाईनं स्वतःच्या पायावर उभं राहावं! बांगड्या घालायला तिला किती दिवस लागले असतील, सासरच्यांची किती बोलणी खावी लागली असतील, आणि त्या उतरवायला मी एक मिनिट घेतलं. तेही जिन्यात, चप्पल घालता घालता.

पुढचा वर्ग सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात ती दुपारी घरी आली. मी मशिनीवर होते. "बस" म्हटलं तर बसली नाही, उंबऱ्याशी उभीच.

"बाई, एक बोलायचं हुतं."

"बोल की."

तिनं पिशवीतून एक घडी काढली. बाहेरून पुडीचा कागद, आत एक फॉर्म. आमचाच. जुना, घड्यांवर फाटत आलेला. मी उलगडला. शाईनं भरलेला, सरळ, टपोरं अक्षर. नाव, वय, मिलमधलं काम, घरातली माणसं, पूर्वीचे आजार. एक रकाना सुटला नव्हता. सही तेवढी नव्हती.

"ह्यो त्येंनी भरला हुता," ती म्हणाली. "एजंट देऊन गेला हुता, सही माझ्यासमोर करा म्हणला, सांजच्याला येतो. तो आला दिवा लावायच्या टायमाला. मी तुळशीपुढं दिवा ठेवत हुते. त्यानं भाईरच्या खोलीत सुरू केलं, उद्या तुमचं बरंवाईट झालं तर, असं झालं तर, तसं झालं तर. मला सोसंना बाई. म्या भाईर येऊन लई बोलले त्याला. म्हणलं, दिवेलागणीला माझ्या घरात असलं अभद्र बोलता? चालते व्हा. मालक म्हणत हुते, अगं थांब, अगं सही करू दे. म्या फॉर्म वढून घिऊन पत्र्याच्या पेटीत टाकला. त्यो गेला. पुन्ना आला न्हाय. मालकांनी दोनदा काढला इषय. म्या म्हणलं, आता न्हाय, पोरीचा वाढदिवस होऊ दे. मग कावीळ झाली."

मशिनीवरचा माझा पाय थांबला होता.

"तुमी वर्गात म्हणता निष्काळजी," ती म्हणाली, "तवा मला लई हितं हुतंय." तिनं छातीला हात लावला. "निष्काळजी म्या. शिव्या मला घाला की बाई, हक्कानं घाला. त्येंना नगा. त्ये लई काळजीचं माणूस हुतं."

एवढं ऐकून कुठल्याही माणसानं काय करावं? उठावं, तिचा हात धरावा. मी फॉर्म बघत होते. खरं सांगते. माझे डोळे फॉर्म तपासायला चटावलेले होते. नॉमिनीच्या रकान्यात त्यानं बायकोचं नाव लिहिलं होतं आणि नावाखाली दोन रेघा ओढल्या होत्या, पट्टी धरून, जाड. मी म्हणाले, "अक्षर किती सुंदर गं. फक्त ह्या रेघा नको होत्या. फॉर्मवर खाडाखोड, रेघा चालत नाहीत."

तिनं फॉर्मसाठी हात पुढे केला.

मग मी त्याच्याही पुढे गेले. म्हणाले, "हा फॉर्म तू तिसऱ्या दिवशी आणशील का? वर्गात फिरवू. भरलेला फॉर्म, सहीविना. याच्याइतकं दुसरं काही नाही."

तिनं माझ्या हातातून फॉर्म घेतला. ओढून नाही, हळूच. घडीवर घडी घातली, पुडीच्या कागदात ठेवला, पिशवीत टाकला. तेव्हा मला कळलं की मी काय बोलले. मी घाईघाईनं म्हणाले, "बरं, नको तर नको. आणि निष्काळजी पण नाही म्हणणार हं. शब्द देते."

"व्हय?" ती म्हणाली.

"शब्द म्हणजे शब्द."

"मग यीन म्या. खरं खरं सांगीन, एजंटानं कवा जाऊ नये ते. बायकांना उपेग हुईल."

आणि त्या वर्गाला नेमके पुण्याहून मोठे साहेब आले. आमच्या साहेबांनी त्यांना माझं कौतुक सांगून ठेवलेलं: सोलापुरात एक सातवी शिकलेली बाई आहे, तिचा तिसरा दिवस बघा. पुढच्या रांगेत एकच खुर्ची होती, तीवर ते बसले. मी नवं इरकल नेसले होते. धडा सुरू केला. 'तुमच्या माघारी', दिवेलागण, अमावस्या. बायका साहेबांच्या धाकानं लाकडासारख्या बसलेल्या. दुधनीवाली सुद्धा गप्प. मोठ्या साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. एकदा. मग पुन्हा.

मी मागच्या रांगेकडे बघितलं. ती होती. मोरपिशी पातळ, हातात बांगड्या. "ऊठ गं," मी म्हणाले.

ती उठली. चार वाक्यं सांगितली. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. साहेबांनी घड्याळावरचा हात काढला, पुढे वाकले. पाचवं वाक्य तिनं सुरू केलं. "मालकांनी फॉर्म..."

आणि मी मध्ये बोलले.

का बोलले, याची मी स्वतःला पुष्कळ उत्तरं दिली आहेत. की खरी गोष्ट लांब होती आणि वेळ नव्हता. की त्यात एजंटाची चूक होती, ती पुण्याच्या साहेबांपुढं कशाला. की ती रडली असती. सगळी उत्तरं खोटी आहेत. खरं एवढंच, की जुनी गोष्ट लागू पडायची हे मला माहीत होतं आणि नवी पडेल का हे माहीत नव्हतं. साहेब पुढे वाकले होते, मला त्यांना तसंच वाकलेलं ठेवायचं होतं. मी म्हणाले, "आणि विमा? नव्हता. एका माणसाचा निष्काळजीपणा, तीन जीव उघड्यावर."

साहेबांनी मान हलवली. दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावला. मी पुढे बोलत सुटले, फार छान बोलले त्या दिवशी. ती उभीच होती. तिला 'बस' म्हणायचं मी विसरले. किती वेळ उभी होती कोण जाणे. वळून बघितलं तेव्हा भिंतीशी जागा रिकामी होती.

नंतर चहा पिताना मोठे साहेब म्हणाले, "बाई, अंगावर काटा आला." आणि मला आनंद झाला. हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते. मला त्या क्षणी फार आनंद झाला. घरी जाऊन नवऱ्याला साहेबांचं वाक्य तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यानं विचारलं, "आणि ती बाई काय म्हणाली?" मी उठून चुलीवरचं दूध बघायला गेले. दूध तापायला ठेवलेलंच नव्हतं.

ती पुन्हा वर्गात आली नाही. एजन्सी सोडली नाही तिनं. काम दुसऱ्या साहेबांच्या हाताखाली घेतलं. मीही तिला निरोप धाडला नाही. संक्रांतीला मात्र राहवेना. हलव्याची वाटी घेतली आणि तिच्या दारी गेले. मनाशी ठरवलं होतं, पहिलं वाक्य 'माझं चुकलं'. दार तिनंच उघडलं. मागे भिंतीवर फोटो, त्याला हार. टपोऱ्या अक्षराचा माणूस मी पहिल्यांदा बघितला. बारीक चेहरा, केसाचा भांग अगदी सरळ, पट्टी धरून पाडल्यासारखा. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

तिनं हातावर दाणे घेतले. म्हणाली, "गोड तर तुमी लई बोलता की, बाई."

रागानं नाही म्हणाली. तोंडात दाणे टाकले, "बसा, च्या टाकते," म्हणाली. चहा दिला. मी पोरींच्या शाळेचं विचारलं. तिनं माझ्या मशिनीचं विचारलं. मी कप विसळून ठेवला आणि घरी आले. 'माझं चुकलं' तसंच घशात राहिलं.

वर्षभरानं दुधनीवाली भेटली. तिनं सांगितलं, "ती बाई दारोदार सांगतीय, बाई. 'मालकांनी फॉर्म भरला हुता, म्या एजंटाला हाकललं, तुमी माझ्यावानी करू नगा.' दर घरात स्वतःला नावं ठेवतीय."

"मग लोक काय म्हणतात?"

"काय म्हणणार? सही करतात."

म्हणजे खरी गोष्टही लागू पडत होती. जे सांगायला माझं काहीच जात नव्हतं, ते मला एका वर्गापुढं सांगता आलं नाही, आणि जिचं काळीज जात होतं ती उन्हातान्हात घरोघर सांगत होती.

त्यानंतर मी तिसऱ्या दिवसातून ती गोष्ट काढून टाकली. पण काढून काय उपयोग? माझे आधीचे वर्ग अक्कलकोट, बार्शी, करमाळा, पंढरपूर असे पांगले होते. त्या बायकांनी ती गोष्ट माझ्याच शब्दांत पाठ केलेली, माझ्यासारखीच 'एका माणसाचा' म्हणून जरा थांबत. एकीनं मला बाजारात थांबवून सांगितलंही, "बाई, तुमची ती मिलवाल्याची गोष्ट सांगितली की घर नाही म्हणतच नाही." मी म्हणाले, "हो का?" तेव्हा तरी सांगायचं होतं. मी वांग्यांचा भाव विचारायला वळले.

आता मी म्हातारी झाले. नवरा गेला. त्याच्या दहाव्याला आमच्या जुन्या वर्गातली एक बाई आली होती, ती बाकीच्यांना सांगत होती, बाईंचे मालक किती विचारी, त्यांनी कसा वेळेवर विमा काढला. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. विचारी कसला! मी तीन वर्षं मागे लागून काढायला लावला होता. चांगलंच बोलत होती ती, तरी मला वाटलं, माझ्या माणसाची अशी गोष्ट करून हातात घेऊ नको गं, ठेव खाली. आणि मग ती दुसरी आठवली, भिंतीशी उभी असलेली, जिच्या माणसाबद्दल चांगलंही बोललं जात नव्हतं.

म्हणून हे लिहायला घेतलं. माझ्या वर्गात बसलेली कुणी हे वाचत असेल, किंवा तिची लेक, सून वाचत असेल, तर तिसऱ्या दिवशी मी सांगितलेली गोष्ट खोडून टाका. मिलमधला तो माणूस निष्काळजी नव्हता. फॉर्म त्यानं भरला होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला आहे. एक रकाना सोडला नव्हता. आणि बायकोच्या नावाखाली पट्टी धरून दोन रेघा ओढल्या होत्या. तसं करायला फॉर्मवर कुठंच सांगितलेलं नसतं.